बाळाचा खुळखुळा, माशाचा खुळखुळा



यंदाच्या हिवाळ्यात आम्ही उभयतां तीन आठवडे दुबईला जाऊन आलो. परत आल्यापासून अश्दोदमध्ये जो भेटेल तो विचारतो, "सोनं किती आणलंत? बुर्ज खलिफावर चढलात की नाही?" सोनं आणलं नाही. बुर्ज खलिफा खालूनच बघितली, मान दुखायला लागली म्हणून घरी आलो. पण एक गोष्ट मात्र शिकून आलो. ती आमच्या वयाच्या मंडळींना आणि घरातल्या बाळगोपाळांना मिळून करता येण्यासारखी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. ती गोष्ट म्हणजे मासे पकडायचा खुळखुळा. हो, बरोबर वाचलंत!

दुबईत आमची भाची राहते. ठाण्याची मुलगी, लग्नानंतर जावयांच्या नोकरीमुळे तिकडे गेली. पूर्वी इस्रायलचा पासपोर्ट घेऊन तिकडे जाणं म्हणजे स्वप्नच. २०२० साली दोन्ही देशांत करार झाला, थेट विमानं सुरू झाली, आणि आत्या एकदाची भाचीच्या घरी पोचली.

तिचं घर डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत आहे. जेबेल अलीच्या बाजूला, इब्न बतूता मॉलपासून जवळ. उंच मनोरे नाहीत, बुटक्या इमारती, मधून मधून झाडं. वसाहतीचे सहा भाग आहेत आणि प्रत्येकाला बागेचं नाव: मुघल, झेन, मेडिटेरेनियन, मेसोअमेरिकन, कॉन्टेम्पररी आणि कॅक्टस. भाची मुघल भागात राहते. ह्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "इस्रायलमधून निघून शेवटी मुघलांच्या राज्यात आलो!" २०२१ पासून तिथे मेट्रोचं स्टेशनही झालं आहे. संध्याकाळी खाली बाकावर बसलं की दहा मिनिटांत मराठी कानावर पडते. कोणी सातारचं, कोणी रत्नागिरीचं. आम्हाला तर अलिबागला आल्यासारखंच वाटलं.

माशीने मासा

भाचीला एकच मुलगा, नऊ वर्षांचा. आमचा नातू तो. जन्मतः त्याला ऐकू येत नाही. जन्मल्यानंतर हॉस्पिटलात यंत्राने तपासणी झाली, त्यातच कळलं. दीड वर्षाचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. कानामागे छोटंसं यंत्र आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेली चकती. ती लावली की ऐकतो, काढली की सगळं शांत. इंग्रजी शाळेत जातो, पण आईच्या हट्टामुळे मराठी छान बोलतो. फक्त 'ळ' त्याला जमत नव्हता. 'बाळ'चं 'बाल', 'गळ'चं 'गल'.

जावयांना मासे पकडायचा नाद. साधा गळ नव्हे, फ्लाय फिशिंग. आम्हाला आधी वाटलं, माशा मारण्याचा काही प्रकार असेल. तर तसं नाही. यात गळाला किडा किंवा कोळंबी लावत नाहीत. पिसं, केस, दोरा, चमकी गळावर बांधून खोटी माशी किंवा खोटा छोटा मासा तयार करतात. ती वजनाला इतकी हलकी असते की फेकली जात नाही, म्हणून दोरीच जड घेतात आणि दोरीच्या वजनाने ती लांब जाते. बांधतात त्याला 'फ्लाय बांधणं' म्हणतात. आम्ही आपलं 'माशी बांधणं' म्हणायला लागलो.

ही काही साहेबांचीच नवी हौस नाही बरं का. एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, कोंबड्याची दोन पिसं बांधून नदीत मासे धरतात. म्हणजे बघा, तेव्हाही सामान घरातलंच होतं! आज मात्र दुकानात एकेक तयार माशी पंधरा-वीस दिरहमला. खडकात अडकली की पैसे पाण्यात. भाचीची कुरकुर त्यावरूनच चाललेली.

जावयांच्या पेटीत एक वेगळी माशी होती. हलवली की बारीक आवाज यायचा, खुळ खुळ खुळ. पोटात काचेची इवलीशी नळी आणि तिच्यात छर्रे. गढूळ पाण्यात किंवा अंधारात माशाला दिसलं नाही तरी ऐकू जावं, ही युक्ती. आम्ही ती हातात घेतली आणि तोंडातून निघून गेलं, "अगं बाई, हा तर खुळखुळा!"

नातवाला तो शब्द भारी आवडला. "खुलखुला, खुलखुला" करत घरभर नाचला. मग आमचा सौदा ठरला. त्याने 'ळ' म्हणायला शिकायचं आणि आम्ही त्याला घरच्या सामानातून खुळखुळ्याची माशी बांधून द्यायची.

आमच्या वेळचे खुळखुळे

आमचं लहानपण अलिबागच्या इस्रायल आळीत गेलं. मराठी शाळा, चार पावलांवर मागेन अबोथ सिनेगॉग आणि पलीकडे समुद्र. खेळणी विकत कोण घेणार? नारळाच्या पातीची डबी विणायची, आत चिंचोके घालायचे, झाला खुळखुळा. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर आपोआप वाजायच्या. माळावर पिवळ्या फुलांचं एक झुडूप असायचं, त्याच्या शेंगा वाळल्या की आतल्या बिया खुळखुळायच्या. त्याला कोणी घागरी म्हणे, कोणी खुळखुळाच म्हणे.

गंमत अशी की ताग त्याच कुळातला. त्याच्याही शेंगा वाजतात. ग्रीक भाषेत वाजणाऱ्या टाळीला जो शब्द आहे, त्यावरून या कुळाला शास्त्रज्ञांनी क्रोटॅलेरिया नाव दिलं. आणि याच तागाच्या सुताची जाळी आपले कोळी नायलॉन येण्यापूर्वी वापरत. म्हणजे शेंग पोरांना खेळायला आणि साल माशांना धरायला.

आपल्याकडे खुळखुळ्याचा आणखी एक मान आहे. पुरीमच्या दिवशी हामानचं नाव आलं की इथली मुलं राअशान फिरवून कानठळ्या बसवतात. कोकणातले आपले जुने लोक पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. डब्यात खडे घालून बडवलं की झालं.

नातवाला हे सगळं सांगताना जावयांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. पापुआ न्यू गिनी देशात न्यू आयर्लंड नावाचं बेट आहे. तिथले कोळी नारळाच्या अर्ध्या करवंट्या वेताच्या कड्यात ओवतात, होडीतून ते कडं पाण्यात हलवतात आणि तो आवाज ऐकून शार्क येतात. करवंट्यांचा खुळखुळा! शार्कला, म्हणजे आपल्या मुशीला, आपल्या नियमात बसणारे खवले नसतात म्हणून आपल्या घरी ती शिजत नाही. पण युक्ती मात्र मानली.

माशाला कान कुठे?

नातवाने विचारलं, "आत्याआजी, माशाला कान नाहीत, मग तो कसा ऐकतो? त्याला पण मशीन आहे?"

आम्ही नर्सिंगमध्ये शिकलो ते माणसाचे कान. पण घोळ आणि ढोमा साफ करणाऱ्या बाईला माशाचे कान ठाऊक असतात, फक्त ते कान आहेत हे ठाऊक नसतं. डोक्यात दोन पांढरे खडे निघतात ना? आम्ही ते सागरगोट्यांसारखे जमवायचो. ते माशाच्या आतल्या कानातले खडे. पाण्यातून आवाज आला की मासा पाण्याबरोबर हलतो, जड खडा मागे राहतो, आणि त्या फरकाने त्याला कळतं. शिवाय अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला जवळच्या पाण्याची हालचाल कळते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणजे चौपटीहून जास्त वेगाने. ढोम्याचे नर तर पोटातला वायूचा फुगा वाजवून स्वतःच घुमतात.

नातवाने काय केलं, कानामागचं यंत्र काढून ठेवलं, खुळखुळ्याची माशी मुठीत धरली आणि हलवली. मग यंत्र पुन्हा लावून म्हणाला, "हाताला कळतं. मासा पण असंच करत असेल." आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

सामान कुठून आणलं

आता मुद्द्याचं. आम्ही जे वापरलं ते सगळं घरातून किंवा कोपऱ्यावरच्या स्वस्त दुकानातून आणलं.

नळी: आधी वाटलं कान साफ करायच्या काडीची पोकळ दांडी घ्यावी. पण दुबईत २०२५ च्या १ जानेवारीपासून प्लॅस्टिकच्या काड्या आणि स्ट्रॉ बंद झाल्या आहेत. मिळतात त्या कागदाच्या, त्या भिजतात. मग जाड जेल पेनची रिकामी रिफिल धुऊन घेतली. ती चालते, पण आवाज दबका येतो. खरा खणखणीत आवाज आला तो नातवाच्या मोडक्या मोटारीच्या रिमोटवरच्या एरियलमधून. एरियल म्हणजे एकात एक घातलेल्या धातूच्या नळ्याच. त्यातली ४ मिलिमीटर पोकळीची नळी ह्यांनी कानशीने कापली.

दाणे: पहिल्या दिवशी आम्ही मोहरी घातली. मोहरी हलकी, आवाज येईना. तोंड मेणाने बंद केलं होतं, ते उन्हातल्या गाडीत वितळलं. पाण्यात टाकल्यावर मोहरी फुगून बसली. सगळी मेहनत फुकट! मग सायकलच्या जुन्या बेअरिंगमधले ३ मिलिमीटरचे लोखंडी छर्रे घेतले. काचेचे काळे मणीही चांगले वाजतात. शिशाचे छर्रे मात्र घेऊ नका. शिसं हाताला लागतं, हातातून तोंडात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने अपाय होतो.

केस: अमेरिकेत हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आम्ही गंगावन आणलं! नकली केसांचं, पांढरं एक आणि हिरवं एक. मुली हल्ली हिरवे केसही लावतात, त्याचा आम्हाला असा उपयोग झाला. पाण्यात ते अगदी माशासारखं लवलवतं. ह्यांनी विचारलं, "तुमच्या आईचं गंगावन अलिबागलाच राहिलं का हो?" आम्ही उत्तर दिलं नाही.

चमक: जुन्या साडीच्या काठाची जर. भाचीने आईची विरलेली साडी ठेवली होती, तिचे सहा-आठ धागे काढले. चिप्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू बारीक पट्ट्या कापून घेतली तरी चालते.

डोळे: टिकल्या. कपाळाला लावायच्या, चंदेरी. वर मधोमध काळ्या नेलपॉलिशचा ठिपका.

बाकी: शिवणाचा पॉलिएस्टर दोरा, बिन-रंगाचं नेलपॉलिश, एराल्डाइट, जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची बारीक तार.

पिसं वापरायची असतील तर कोंबडीवाल्याकडची घ्या आणि साबणाने धुऊन वाळवा. रस्त्यावरची मेलेल्या पक्ष्यांची पिसं उचलू नका, पक्ष्यांचे आजार असतात. आणि मोरपीस भारतातून पिशवीत घालून आणू नका, ते बाहेर नेायला तिथे कायद्याने बंदी आहे.

हत्यार म्हणाल तर आमच्या जुन्या पेशातलं एकच पुरलं: आर्टरी फोर्सेप. तो चिमटा आपोआप अडकून राहतो. त्यात गळ धरायचा आणि चिमट्याची दांडी टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट बांधायची. पस्तीस वर्षं हा चिमटा हातात होता, तो असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

कृती

१. गळाचं उलटं टोक, ज्याला काटा म्हणतात, ते पक्कडीने आधीच दाबून सपाट करा. हे पहिलं, बाकी सगळं नंतर. का, ते पुढे सांगतो.

२. नळीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा कापा. कडा कानशीने घासून घ्या. एका तोंडात आगकाडीचा छोटा तुकडा एराल्डाइट लावून बसवा. वाळल्यावर दोन छर्रे घाला. निम्मी नळी रिकामी राहिली पाहिजे, गच्च भरली तर वाजणार कशी? मग दुसरं तोंड बंद करा. रात्रभर वाळू द्या.

३. सकाळी नळी कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. बुडबुडे आले तर कुठेतरी फट आहे. पुन्हा लावा.

४. गळाच्या दांडीवर दोरा गुंडाळा. त्यावर तांब्याची तार आठ-दहा वेढे. नळीत हवा असते, त्यामुळे माशी तरंगायला बघते, तारेने तोल येतो. मग नळी दांडीला लावून फुलीसारखे वेढे देत घट्ट बांधा आणि वर एराल्डाइटचा हात फिरवा.

५. पांढरं गंगावन खाली, जरीचे धागे मध्ये, हिरवं गंगावन वर. लांबी गळाच्या दुप्पट. जास्त केस लावू नका, आमची पहिली माशी मुंजाच्या शेंडीसारखी झाली होती.

६. गाठ मारायला रिकाम्या बॉलपेनचं टोक उपयोगी पडतं. टोकावर दोऱ्याचा फास घ्यायचा, टोक गळाच्या डोळ्यावर टेकवायचं आणि फास सरकवून ओढायचा. असं चार वेळा. मग टिकल्या चिकटवा आणि सगळ्यावर नेलपॉलिश.

जावई म्हणाले, ही आपल्या पद्धतीची 'क्लाउझर मिनो' झाली. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर नावाच्या गृहस्थाने १९८७ मध्ये अशी केसांची माशी पहिल्यांदा बांधली होती. त्याच्या माशीला डंबेलसारखे जड डोळे असतात, आमच्या माशीला टिकल्या.

वळला म्हणजे ऐकलं का?

आता आम्ही जो प्रसंग सांगणार आहोत तो फार कोणाला सांगितलेला नाही.

माशी तयार झाल्यावर नातू म्हणाला, "पण मासा आला तर तो ऐकून आला की बघून आला, ते कसं कळणार?"

नऊ वर्षांच्या मुलाने हे विचारलं आणि आमच्या पोटात धस्स झालं.

इस्रायलमध्ये आलो तेव्हा आम्ही विशी ओलांडलेली. भाषा शिकलो, परीक्षा दिली आणि माता-बाल केंद्रात नर्स झालो. तेव्हा बाळांची ऐकण्याची तपासणी खुळखुळ्यानेच व्हायची. मँचेस्टरच्या युइंग पतिपत्नींनी १९४४ साली मांडलेली ही पद्धत. बाळ सात ते नऊ महिन्यांचं हवं. ते आईच्या मांडीवर बसतं. एक नर्स समोर खेळणं दाखवून त्याचं लक्ष धरते, मग खेळणं झाकते. त्याच क्षणी दुसरी नर्स मागून, कानाच्या रेषेत, सुमारे एक मीटरवरून हलका खुळखुळा वाजवते. बाळ वळलं तर ऐकलं. दुसऱ्या बाजूने पुन्हा तसंच.

एक बाळ होतं. आम्ही खुळखुळा वाजवला, बाळ लगेच वळलं. दुसऱ्या बाजूने वाजवला, तरी वळलं. आम्ही कार्डावर 'ठीक' लिहिलं. दोन वर्षांनी ती आई परत आली. मुलगा बोलत नव्हता. मोठ्या इस्पितळात तपासलं तेव्हा कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मग आठवलं. खोलीत मागच्या खिडकीतून ऊन यायचं, आणि आमची सावली बाळासमोरच्या भिंतीवर पडायची. बाळ आवाजाला नाही, आमच्या सावलीला वळत होतं. दोन वर्षं वाया गेली त्याची, बोलायला शिकायची सगळ्यात मोलाची. त्या आईने आम्हाला एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर आम्ही पडदा लावल्याशिवाय एकही तपासणी केली नाही. अत्तरही लावून गेलो नाही, कारण वासानेही बाळ वळतं.

हे सगळं नातवाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मग दोन माशा करू. एक वाजणारी, एक मुकी. दिसायला सेम."

म्हणून आम्ही दुसरी माशी बांधली. तेच केस, तीच जर, तशीच नळी. आतले छर्रे मात्र गोंदाने चिकटवून टाकले, म्हणजे वजन तेच राहिलं आणि आवाज गेला.

रविवारची सकाळ

तिकडे २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते. शनिवारी आपला शब्बाथ, तेव्हा रविवारी पहाटे निघालो. किनाऱ्यावरून हौसेने मासे धरायलाही तिथे परवाना लागतो, तो जावयांकडे आहे. दगडांच्या बांधावर ते आणि नातू, आणि मागे खुर्च्या टाकून आम्ही दोघं, चहाचा थर्मास घेऊन.

दहा वेळा वाजणारी, दहा वेळा मुकी. नातू वहीत खुणा करत होता. ऊन चढेपर्यंत हिशोब झाला: वाजणारीला तीन मासे झोंबले, मुकीला दोन. ह्यांनी टाळी दिली, "जिंकलो!" नातवाने वही बंद केली. "आजोबा, तीन आणि दोनने काही सिद्ध होत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा." मुलगा शास्त्रज्ञ होणार बहुतेक.

पाचांतला एकच हाती लागला, वीतभर हमूर, वाजणाऱ्या माशीला. त्याला ओल्या हाताने धरून आम्ही नातवाला दाखवलं, हे पर आणि हे खवले. मग आपली जुनी गोष्ट सांगितली. दावीद रहाबी कोकणात आले, त्यांनी आपल्या बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले, आणि बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढेच वेचून घेतले. त्यावरून त्यांनी ओळखलं की हे इस्राएलचे लोक, अशी आपली परंपरा सांगते. नातू म्हणाला, "म्हणजे ती पण टेस्टच होती!"

हमूर परत पाण्यात सोडला. ४५ सेंटिमीटरपेक्षा लहान हमूर ठेवायला तिथे बंदी आहे. आम्हाला मात्र नारळाच्या रसातलं कालवण डोळ्यासमोर दिसत होतं!

परत येताना एक भानगड झाली. दोरी गुंडाळताना गळ ह्यांच्या अंगठ्यात घुसला. काटा आधीच दाबून सपाट केलेला होता, म्हणून नुसता मागे ओढल्याबरोबर सुटला. काटा तसाच असता तर मांस फाडत निघाला असता. म्हणून पहिली पायरी पहिली. अशी जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते बघा. डोळ्याजवळ गळ लागला तर हात न लावता थेट इस्पितळ गाठा.

आजी-आजोबांसाठी दोन शब्द

माशाचा खुळखुळा बाळाच्या हाती कधीही देऊ नका. छर्रा गळ्यात अडकला तर जीव जातो. बाळासाठी घरचा खुळखुळा करायचाच असेल तर तो तुम्ही हलवा, बाळाने दुरून ऐकावा. इन्सुलिनच्या सुयांची टोपणं, औषधांच्या काचेच्या नळ्या असल्या वस्तू पोरांच्या कामात घेऊ नका, कितीही सोयीच्या दिसल्या तरी.

आणि नातवंड हाक मारल्यावर वळतं, टाळी वाजवली की बघतं, म्हणून कान चांगले आहेत असं धरून चालू नका. जन्मल्याबरोबर यंत्राने तपासणी होते तिचा कागद मागून घ्या. पुढेही शंका आली, वर्षाचं होऊन शब्द येईना असं वाटलं, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' असं सुनेला सांगू नका. घेऊन जा. आमच्या नातवाला वेळेवर यंत्र बसलं, म्हणून तो आज आम्हाला शास्त्र शिकवतो.

बाळगोपाळांनो, पुरीमला तुम्ही राअशान कराल तेव्हा दोन करा. एकात छर्रे सुटे आणि एकात चिकटवलेले. मग डोळे बांधून ओळखायला लावा घरच्यांना. कसं झालं ते या पत्रिकेकडे लिहून पाठवा, मराठीत लिहिलंत तर आम्हाला फार आनंद होईल.

निघायच्या दिवशी विमानतळावर नातवाने वाजणारी माशी आम्हाला देऊ केली. गळ विमानात नेऊ देणार नाहीत म्हणून आम्ही ती परत त्याच्याच हाती दिली. त्याने ती कानाशी हलवली आणि सावकाश, जीभ वर वळवून म्हणाला, "खु-ळ-खु-ळा."

दोन्ही 'ळ' स्वच्छ आले. सौदा त्याने पुरा केला.

सर्वांना शालोम.